रक्ताच्या थेंबातील उपणणी

घरातील कोणी आजारी पडते, डॉक्टर रक्त तपासून घेण्यास सांगतात, आणि संध्याकाळी तपासणीचा कागद हाती येतो. सारे घर त्या कागदाभोवती जमते. हिमोग्लोबिन किती, साखर किती, यकृताचे आकडे कसे आहेत, हे वाचता वाचता वडीलधाऱ्यांच्या कपाळावरची आठी कधी गडद होते, कधी विरते. त्या कागदावर फार तर वीस-पंचवीस आकडे असतात. परंतु वाचकहो, ज्या थेंबावरून ते आकडे काढले त्या थेंबात हजारो निरनिराळी प्रथिने असतात आणि त्यांतील बहुतेकांचा त्या कागदावर उल्लेखही नसतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

ही प्रथिने मोजण्याचे ज्ञान नव्हते, असे मात्र नाही. एका माणसाचे रक्त घेऊन त्यातील शेकडो प्रथिने ओळखणे मोठ्या प्रयोगशाळांना बऱ्याच वर्षांपासून साधले आहे. अडचण होती ती वेळेची. बारकाईने पाहावयाचे तर एका नमुन्यास अनेक तास, प्रसंगी कित्येक दिवस लागत. आता एका यंत्रावर एका दिवसात साठ किंवा शंभर नमुने तपासण्याची पद्धत रुळली आहे. या बदलामागे अनेक सुधारणा आहेत. त्यांतील एक मोठी सुधारणा म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या अशा एका तत्त्वाचा नवा उपयोग. त्या तत्त्वास आयन-गतिशीलता असे म्हणतात. ते तत्त्व काय आहे, त्याने वेळ कसा वाचतो आणि वाचलेला वेळ आपल्या कोणत्या कामी येतो, हे या लेखात पाहू.

एका मण्याचा फरक

प्रथिने म्हटली की आपणांस डाळ, दूध, अंडी आठवतात. ते योग्यच आहे. पण आहारातील प्रथिने हा शरीराचा कच्चा माल होय. त्यातील घटक सुटे करून शरीर स्वतःची प्रथिने घडविते. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, साखरेवर नियंत्रण ठेवणारे इन्सुलिन, जंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे, ही सारी प्रथिनेच. माणसाच्या शरीरात प्रथिनांचे आराखडे सांभाळणारी सुमारे वीस हजार जनुके आहेत.

प्रत्येक प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांच्या मण्यांची एक माळ. मणी वीस प्रकारचे. त्यांचा क्रम मात्र ज्या त्या प्रथिनाचा स्वतःचा. फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने इन्सुलिनच्या ५१ मण्यांचा संपूर्ण क्रम १९५५ साली लावून दाखविला. त्या कामास त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्याबद्दल १९५८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एक प्रथिन, ५१ मणी आणि दहा वर्षे, हा हिशेब पुढील मजकूर वाचताना मनात असू द्यावा.

माळेतील एकच मणी बदलला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या देशाच्या फार जवळचे आहे. सिकल सेल या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये झाली. आज महाराष्ट्रातील गडचिरोली आणि नंदुरबार या जिल्ह्यांना, तसेच मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा व गुजरात येथील आदिवासी भागांना त्याची चांगलीच ओळख आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले की, द्रावणातून विद्युत् प्रवाह सोडला असता या रुग्णांचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनहून वेगळ्या गतीने सरकते. पुढे १९५६ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांना कारण सापडले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात. त्यांतील एका जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसलेले होते.

हायड्रोजनचा अणू ज्या मापाने सुमारे एक भरतो, त्या मापाने निरोगी साखळीचे वजन १५,८६७ भरते आणि बदललेल्या साखळीचे १५,८३७. फरक अवघ्या तिसाचा. पण त्या तिसाने एखाद्या मुलाचे सारे आयुष्य निराळे होऊन जाते. या उदाहरणात प्रथिने ओळखण्याच्या दोन वाटा आपणांस दिसतात. एक वाट वजन करण्याची आणि दुसरी विजेच्या प्रभावाखाली ती कशी चालतात ते पाहण्याची. आज ज्या यंत्राविषयी आपण बोलत आहोत, त्यात या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत.

हत्तींना पंख

प्रथम वजनाची वाट पाहू. रेणूचे वजन तागडीत होत नाही. त्यास विद्युत् भार द्यावा लागतो. असा भारित कण म्हणजेच आयन. सर्व आयनांना विजेचा सारखा धक्का देऊन निर्वात पोकळीत सोडले, की हलके पुढे पळतात आणि जड मागे राहतात. धावण्यास लागलेल्या वेळावरून वजन काढता येते. केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन यांनी १९१३ च्या सुमारास निऑन वायूत २० आणि २२ वजनाचे दोन प्रकारचे अणू असल्याचे दाखविले. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली या कामासाठी अधिक अचूक यंत्र बांधले व १९२२ साली नोबेल पारितोषिक मिळविले. अशा यंत्रास आज मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. मराठीत त्यास वस्तुमान-वर्णपटमापक म्हणता येईल.

हे सारे वायूंच्या बाबतीत ठीक चालले. प्रथिनांना मात्र वायुरूप देणे अवघड होते. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर टाकला तर तो घट्ट होतो, पुढे करपतो, पण त्याची वाफ काही होत नाही. ही अडचण दोन निरनिराळ्या देशांत दोन माणसांनी सोडविली. जपानमधील क्योटो शहरात एका उपकरण-कंपनीत काम करणारे कोइची तानाका हे विद्युत् शाखेचे अभियंते. धातूच्या अतिसूक्ष्म भुकटीत त्यांच्या हातून एकदा चुकून ग्लिसरीन मिसळले गेले. महाग भुकटी टाकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून लेसर किरण सोडले, आणि मोठे रेणू न मोडता हवेत उठले. हे काम १९८७ साली जगापुढे आले. अमेरिकेत जॉन फेन यांनी दुसरा मार्ग काढला. प्रथिनांचे द्रावण बारीक सुईतून जावयाचे आणि सुईला मोठा विद्युत् दाब द्यावयाचा. द्रावणाचा भारित तुषारांचा फवारा उडतो, तुषारातील पाणी सुकत जाते आणि शेवटी भार अंगावर घेतलेला प्रथिनाचा रेणू तेवढा उरतो. दोघांनाही २००२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विजेच्या फवाऱ्याने रेणुरूपी हत्तींना पंख फुटले, अशा आशयाचे नाव फेन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानास दिले होते.

प्रत्यक्ष व्यवहारात अख्खे प्रथिन तोलण्यापेक्षा त्याचे तुकडे तोलणे सोयीचे पडते. आपल्या आतड्यात अन्न पचविणारे ट्रिप्सिन नावाचे द्रव्य प्रथिनाची माळ ठराविक दोन प्रकारच्या मण्यांपाशीच तोडते. त्यातून जे छोटे तुकडे निघतात, त्यांना पेप्टाइडे म्हणतात. प्रत्येक पेप्टाइडाचे वजन करावयाचे. मग वायूच्या कणांवर आपटून ते आणखी फोडावयाचे आणि त्या ठिकऱ्यांची वजने घ्यावयाची. लागोपाठच्या दोन ठिकऱ्यांच्या वजनांतील फरक म्हणजे एका मण्याचे वजन. अशा रीतीने मण्यांचा क्रम वाचला जातो, आणि तो कोणत्या प्रथिनाचा हे संगणक जनुकांच्या यादीशी ताडून सांगतो.

मगर आणि गरम

येथवर सारे सुरळीत वाटते. पण रक्ताचा थेंब हा सोपा पदार्थ नव्हे. त्यातील अल्ब्युमिन हे प्रथिन दर लिटरमध्ये सुमारे ३५ ते ५० ग्रॅम असते, तर पेशींमध्ये निरोप पोचविणारी काही प्रथिने इतकी विरळ असतात की अल्ब्युमिनच्या मानाने त्यांचे प्रमाण एक हजार कोटीत एक एवढेच भरते. साऱ्या पृथ्वीवरील माणसांच्या गर्दीत एखादा मनुष्य शोधावा, तसे हे काम आहे. रक्तद्रवातील प्रथिनांच्या एकूण वजनापैकी सुमारे ९९ टक्के वजन अवघ्या बावीस प्रथिनांचे असते; उरलेली हजारो प्रथिने राहिलेल्या एका टक्क्यात दाटीवाटीने वसलेली असतात. आणि रोगाची चाहूल पुष्कळदा याच एका टक्क्यात लपलेली असते.

दुसरी अडचण समान वजनाची. ‘मगर’ आणि ‘गरम’ या दोन शब्दांतील अक्षरे तीच. क्रम तेवढा वेगळा. अक्षरांचे वजन केले तर दोन्ही शब्द सारखे भरतील. पेप्टाइडांचेही तसेच आहे. तेच मणी, वेगळा क्रम, म्हणून वजन एक. शिवाय मुळात भिन्न असलेली, पण योगायोगाने जवळपास सारख्या वजनाची पेप्टाइडेही असंख्य असतात. ती सारी एकाच क्षणी यंत्रात शिरली, तर वाचन गोंधळते.

ही गर्दी पांगविण्यासाठी पूर्वी एकच उपाय होता: सावकाशी. केसाइतक्या बारीक नळीत विशिष्ट भुकटी ठासून तिच्यातून पेप्टाइडांचे द्रावण हळूहळू जाऊ द्यावयाचे. काही पेप्टाइडे भुकटीला अधिक चिकटतात, ती उशिरा बाहेर पडतात. काही कमी चिकटतात, ती लवकर येतात. नळीतील प्रवास जितका लांबवावा तितकी गर्दी कमी. म्हणजे अचूकपणा हवा तर वेळ द्या, आणि वेळ वाचवावयाचा तर अचूकपणा सोडा, असा हा पेच होता.

वाऱ्यातील उपणणी

हा पेच सोडविण्यास दुसरी वाट, म्हणजे चालीची वाट, उपयोगी पडली. शेतकरी खळ्यात धान्य उपणतो तेव्हा काय करतो ते आठवा. सुपातून धान्य आणि भूस एकत्रच खाली सोडले जाते; पण वारा भुसाला दूर नेतो आणि दाणा पायाशी पडतो. दाणा व भूस यांना वेगळे करणारा असतो वारा, आणि तो प्रत्येकाच्या आकारमानाची व वजनाची परीक्षा घेत असतो.

आयनांचेही असेच आहे. निर्वात पोकळीऐवजी विरळ वायूने भरलेल्या नळीतून त्यांना विजेच्या ओढीने नेले, तर वाटेत वायूच्या कणांशी त्यांच्या टकरा होतात. सुटसुटीत, गुंडाळलेल्या आयनाच्या टकरा कमी होतात आणि तो लवकर पोचतो. ऐसपैस पसरलेल्या आयनाच्या टकरा अधिक होतात आणि तो रेंगाळतो. भर पावसाळी वाऱ्यात छत्री मिटून चालणारा आणि उघडून चालणारा यांच्या चालीत जो फरक पडतो, तोच हा. दोघांचे वजन एक असले तरी वारा त्यांना बरोबर ओळखतो. ‘मगर’ आणि ‘गरम’ यांची घडी जर वेगळी पडत असेल, तर त्या येथे एकमेकींपासून सुटू शकतात.

वायूतील आयनांच्या या चालीचा सखोल अभ्यास पॅरिसमध्ये पॉल लांजव्हँ यांनी १९०५ च्या सुमारास केला होता. विमानतळावर आपल्या पिशवीवरून कापडाची चिंधी फिरवून ती एका यंत्रात घालतात, ते आपण पाहिले असेल. स्फोटक द्रव्यांचा माग काढणारी अशी पुष्कळ यंत्रे याच तत्त्वावर चालतात. प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करण्यासाठी त्याचा वापर १९९० नंतरच्या दशकात वाढला. पण एक मोठा तोटा होता. नळीत आयनांचा एक लहानसा पुंजका सोडावयाचा आणि तो पलीकडे पोचेपर्यंत दार बंद ठेवावयाचे. तेवढ्या वेळात फवाऱ्यातून येणारे बाकीचे सारे आयन वाया जात. एक सूप उपणून होईपर्यंत उरलेले धान्य मातीत सांडत राहावे, तसा हा प्रकार होता.

घाटाचा चढ

अमेरिकेत मेल्विन पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या उपणणीची तऱ्हाच उलटी केली. त्यांच्या यंत्रात आयन स्थिर वायूतून धावत नाहीत. वायूच स्वतः वाहतो आणि आयनांना पुढे ढकलतो, आणि विजेची शक्ती त्यांना मागे रेटते.

कल्पना करा की एक घाट आहे. जसजसे वर जावे तसतसा चढ तीव्र होत जातो, आणि पाठीमागून जोराचा वारा वाहत आहे. छत्री उघडलेल्या माणसास वारा अधिक वर ढकलील. छत्री मिटलेला खालच्या वळणावरच थांबेल. ज्याच्या त्याच्या बाबतीत वारा आणि चढ यांचा जेथे समतोल होईल, तेथे तो उभा राहील. सारे असे आपापल्या जागी थांबले, की मग घाटाचा चढ हळूहळू कमी करावयाचा. जे सर्वांत वर होते, ते ऐसपैस आयन प्रथम माथा ओलांडतील. त्यांच्यामागून क्रमाक्रमाने सुटसुटीत आयन येतील. हा घाट प्रत्यक्षात वीतभरही लांब नसतो, आणि त्याचा चढ उतरविण्यास साधारणपणे सेकंदाचा दहावा भाग पुरतो.

आता या युक्तीची खरी करामत पाहा. घाटाचे दोन भाग केलेले असतात. पुढच्या भागातील आयन ओळीने बाहेर पडत असताना मागच्या भागात नवे आयन गोळा होत असतात. पुढचा भाग रिकामा झाला की मागचे सारे तेथे सरकतात. दार बंद ठेवून वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही आणि जवळजवळ कोणताही आयन वाया जात नाही. थेंबे थेंबे तळे साचे, ही आपल्या आजीची शिकवण या यंत्राने अक्षरशः पाळली आहे. महाग भुकटी टाकण्यास न धजणारे तानाका आणि आयन वाया जाऊ न देणारे हे यंत्र, दोहोंच्या मागे काटकसरीचीच वृत्ती आहे.

जर्मनीतील म्युनिकजवळच्या माक्स प्लांक जीवरसायनशास्त्र संस्थेत मॅथियास मान आणि त्यांच्या गटाने २०१५ साली या काटकसरीस वेगाची जोड दिली. आयन घाटमाथ्यावरून ओळीने येतात. तेव्हा कोणते पेप्टाइड कोणत्या क्षणी बाहेर पडणार हे आधीच ठाऊक असते. त्या त्या क्षणी त्या त्या वजनाकडे यंत्राचे लक्ष वळवावयाचे, त्यास फोडावयाचे आणि लगेच पुढच्याकडे वळावयाचे. एकीकडे साठवण, दुसरीकडे क्रमवार फोडणी, असे हे दुहेरी काम आहे. त्यामुळे एका सेकंदात शंभराहून अधिक पेप्टाइडे फोडून वाचता येऊ लागली. या पद्धतीचे यंत्र २०१७ साली बाजारात आले. त्यानंतर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मानवी पेशींच्या द्रव्याचा एका ग्रॅमचा पन्नास लाखावा भाग घेऊन, दोन तासांच्या एका फेरीत सुमारे सहा हजार प्रथिने ओळखली गेली. सँगर यांची दहा वर्षे आणि एक इन्सुलिन आपण लक्षात ठेवले आहे ना?

घड्याळाचे तीन काटे

इतके काम इतक्या थोड्या वेळात कसे मावते, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर घड्याळात आहे. तास, मिनिट आणि सेकंद असे तीन काटे एकाच तबकडीवर आपापल्या गतीने फिरतात, आणि म्हणून वेळ नेमकी कळते. या यंत्रातही असे तीन काटे आहेत. बारीक नळीतून एक पेप्टाइड बाहेर पडण्यास काही सेकंद लागतात. हा सर्वांत संथ काटा. घाटावरची उपणणी सेकंदाच्या दहाव्या भागात एक फेरा पूर्ण करते. हा मधला काटा. आणि निर्वात पोकळीतील धाव, जिच्यावरून वजन काढावयाचे, ती सेकंदाच्या सुमारे दहा हजाराव्या भागातच संपते; हा सर्वांत चपळ काटा. संथ काट्याच्या एका खेपेत मधल्याच्या कित्येक फेऱ्या आणि मधल्याच्या एका फेरीत चपळ काट्याच्या सुमारे हजार फेऱ्या बसतात. म्हणजे नळीत होणारी विभागणी थोडी घाईची झाली तरी चालते. राहिलेली गर्दी घाट पांगवितो. नळीचा प्रवास तासांवरून मिनिटांवर आणता येतो तो यामुळे.

त्याखेरीज प्रत्येक पेप्टाइडाची आणखी एक ओळखखूण हाती येते. वजन, नळीतून निघण्याची वेळ आणि घाटावरील जागा, अशी तिहेरी साक्ष जुळली की ओळख अधिक पक्की होते. मान यांच्या गटाने २०२१ साली दहा लाखांहून अधिक मोजणींच्या आधारे संगणकाला शिकविले की, मण्यांचा क्रम सांगितला असता त्या पेप्टाइडाचा पसारा किती असेल ते त्याने आधीच सांगावे. न पाहिलेल्या माणसाची उंची व चालण्याची ढब त्याच्या पत्रिकेवरून सांगावी, तसे हे वाटते. फरक इतकाच की हे भाकीत लगेच पडताळून पाहता येते.

घाई कशासाठी?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एका माणसाचे रक्त एका दिवसात तपासले काय किंवा पंधरा मिनिटांत तपासले काय, त्याने काय बिघडले? त्या एका माणसापुरते कदाचित काहीच नाही. पण येथे एक गोष्ट घरातील मातांना विद्वानांपेक्षा अधिक सहज कळेल. अंगणवाडीत बाळाचे वजन होते तेव्हा ताई तो आकडा वाढीच्या तक्त्यावर मांडतात. नुसता ‘आठ किलो’ हा आकडा काही सांगत नाही. तो त्या वयाच्या निरोगी मुलांच्या रेषेवर आहे की खाली, हे पाहिल्यावरच त्यास अर्थ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली ती रेषा काढण्यासाठी भारतासह सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घ्यावी लागली होती.

प्रथिनांचेही तेच आहे. आपल्या रक्तात अमुक प्रथिन इतके आहे, हे कळून काय उपयोग, जर निरोगी माणसात ते किती असते, वयाप्रमाणे, ऋतूप्रमाणे, आहाराप्रमाणे ते किती बदलते, हे ठाऊक नसेल? अशी रेषा एका प्रथिनासाठी नव्हे, हजारो प्रथिनांसाठी काढावयाची आहे. समजा, दहा हजार माणसांचे रक्त तपासावयाचे आहे. एका नमुन्यास एक दिवस लागला तर एका यंत्रावर हे काम सत्तावीस वर्षे चालेल. आरंभी ज्या बालकाचे रक्त घेतले ते शेवटी बापमाणूस झालेले असेल. दिवसाला शंभर नमुने झाले तर तेच काम शंभर दिवसांत संपते. वेगाचे मोल ते हे.

याची फळे दिसू लागली आहेत. मद्यपानाने यकृतास होणारी इजा किती खोल गेली आहे हे पाहण्यासाठी एरवी सुईने यकृताचा तुकडा काढावा लागतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५९६ जणांच्या रक्तातील प्रथिने वस्तुमानमापनाच्या अल्प मुदतीच्या फेऱ्यांनी मोजली आणि त्यांवरून यकृताची अवस्था ओळखण्याचा मार्ग दाखविला.  आपल्या देशानेही या क्षेत्रात हात आखडता घेतलेला नाही. माणसाच्या तीस प्रकारच्या ऊती व पेशी तपासून १७,२९४ जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांची जी नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता. करोनाच्या साथीत मुंबईच्या पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तद्रवातील प्रथिने तपासून, आजार कोणास गंभीर होईल याच्या खुणा शोधल्या. ही कामे निरनिराळ्या यंत्रांवर झाली; पण प्रत्येकात प्रश्न एकच होता: पुरेशा माणसांची पुरेशी प्रथिने पुरेशा लवकर कशी मोजावी?

आपला वाटा

यंत्र कितीही चपळ असले तरी ते जादूचा आरसा नव्हे. रक्त काढल्यावर ते किती वेळ बाहेर राहिले, तांबड्या पेशी फुटल्या काय, नमुना किती थंडीत साठविला, यावरही आकडे बदलतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळविणे हे स्वतंत्र काम आहे. आढळलेली खूण शेकडो नव्या रुग्णांवर पडताळल्यावाचून ती रुग्णाच्या कागदावर येत नाही, आणि येऊही नये. म्हणून एका थेंबावरून सारे रोग सांगण्याची जाहिरात कोणी केली, तर आपण आपल्या डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. जेथे साधी तपासणी पुरते तेथे तीच उत्तम. सिकल सेलची गावोगाव होणारी पहिली चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. तिच्या जागी महागडे यंत्र बसविण्याचे काही कारण नाही.

मात्र एक काम असे आहे की जे यंत्र करू शकत नाही आणि शास्त्रज्ञही एकटे करू शकत नाहीत. निरोगी माणसाची रेषा निरोगी माणसांच्याच रक्तातून काढावी लागते. कोकणातील मासळीभात खाणारा, विदर्भातील ज्वारीवर वाढलेला, काश्मीरच्या थंडीत राहणारा आणि तमिळनाडूच्या उन्हात राबणारा, या साऱ्यांची रेषा एक आहे की निराळी, हे त्यांना मोजल्यावाचून कळणार नाही. परक्या देशातील माणसांवरून काढलेली रेषा आपल्या मुलाबाळांना जशीच्या तशी लागू पडेलच, असे गृहीत धरता येत नाही.

तेव्हा उद्या एखाद्या सरकारी रुग्णालयातील वा विद्यापीठातील संशोधक आपल्या दारी आले आणि म्हणाले, “तुम्हांस काही आजार नाही, म्हणूनच तुमचे थोडे रक्त हवे आहे,” तर चकित होऊ नका. कशासाठी हवे, नाव गुप्त राहील काय, नको म्हणण्याची मुभा आहे काय, हे अवश्य विचारा. तो आपला हक्क आहे. समाधान झाले तर संमती द्या. खळ्यावर उपणणी चांगली व्हावी यासाठी वारा हवा, सूप हवे, उपणणारा हात हवा. पण सर्वांआधी खळ्यात धान्य यावे लागते. ते आपल्याकडूनच यावयाचे आहे.